घोंगडीचा वास

ये, अशी जवळ ये. इतक्यांदा बोलावलं, तुझं आपलं आज येते, उद्या येते. फोनवर "आक्का, बऱ्या आहात ना" विचारायचं आणि आक्का तोंड उघडायच्या आत फोन ठेवायचा — ही काय रीत झाली? आता नाही आलीस तर नाही, कागदावरच जवळ बस. एका परीनं बरंच झालं. समोर असतीस तर मी चहाचं निमित्त काढून उठले असते. कागदापुढनं उठता येत नाही.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकाला नाही, सुनेला नाही. देवापुढं बसते तेव्हासुद्धा दुसरंच काहीबाही मागून उठते — गुडघे धड राहू देत, भाताला वेळेवर पाणी मिळू दे. हे मात्र ओठावर आलं की गिळते.

आणि लिहितेय तेही सरळ मनानं नाही, हे आधीच सांगून टाकते. ताईंनी सांगितलं म्हणून बसले. "आक्का, तुमची जीभ कशी तयार झाली ते तुमच्याच शब्दांत लिहा, लोक विचारतात," म्हणाल्या आणि वही-पेन पुढ्यात ठेवून गेल्या. का म्हणाल्या असतील? सहज? का त्यांना काही कळलंय आणि माझ्याच हातानं माझ्याकडनं काढून घ्यायचंय? जाताना हसल्या, ते नेहमीचं हसणं होतं — का नव्हतं? हे असं चाललंय बघ माझं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

ताई कोण ते तुला माहीत आहे, तरी सांगते, नाहीतर पुढचं नीट लागायचं नाही. ताई पुण्याच्या. शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त, एकट्याच. वेल्ह्याच्या पुढं, पासलीच्या अलीकडं, चढावर त्यांचं घर आहे. आधी सुट्टीपुरत्या यायच्या, करोनाच्या सालात कायमच्याच आल्या. मी पासलीतली. माहेर किकवीचं, हायवेला लागून, पण नांदायला हितं डोंगरात आले ती हितलीच झाले. ताईंकडं सैपाक करते. आणि ताईंना एक नाद आहे. त्या लाल वाइनवर लिहितात, मोबाईलवर, आणि लोक वाचतात. भारीतल्या बाटल्यांचं कौतुक करणारे रग्गड आहेत, पण साध्या माणसाला परवडेल अशी कुठली बरी हे कुणी सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या नाशिकची आणतात, सांगलीकडची आणतात, विजापूरकडची आणतात, कधीमधी परदेशातली स्वस्तातली. रविवारी दुपारी जेवणाआधी चार बाटल्या मांडायच्या, घोटभर घ्यायची, तोंडात खेळवायची, चूळ टाकावी तशी वाडग्यात टाकायची, आणि लिहायचं.

त्या लिहिण्यात "आक्का म्हणतात" असं येतं ना — ती आक्का मी. गावाला हे ठाऊक नाही. ताई कसला तरी काढा करतात, तो चाखते, एवढंच मी घरात सांगितलंय.

तू तर वाचतेसच, वाचूनच तर तुझी-माझी ओळख झाली. आक्का म्हणतात, ही जांभळाची बी चावल्यासारखी. आक्का म्हणतात, हिला कढईत करपलेल्या गुळाचा वास आहे. आक्का म्हणतात, ही नाशिकची, पैज लावते. तूच मला कळवलं होतंस, आक्का म्हणाल्या म्हणून ती विजापूरकडची आणली आणि घरात सगळ्यांना आवडली. आठवतं? मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

का गेलं नाही? सांगते. जरा दम धर. मी पायरीपायरीनं उतरणारी बाई आहे.

बाटलीवरचं नाव दिसलं की माणसाची जीभ नावाप्रमाणं बोलायला लागते, असं ताई म्हणतात. म्हणून बाटल्या झाकायच्या. मी माझ्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून प्रत्येक बाटली गळ्यापर्यंत गुंडाळायची आणि गळ्याशी गाठ मारायची. त्या वेळी ताई बाहेर. मग मी बाहेर जायचं आणि ताईंनी आत येऊन बाटल्यांच्या जागा बदलायच्या. म्हणजे कुठली कुठं आहे ते त्यांनाही ठाऊक नाही, मलाही नाही. ताईंना ही युक्ती लई आवडायची. अगदी न्यायाची गोष्ट, म्हणायच्या.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. भाताचं बियाणं आम्ही फडक्यात बांधून ठेवतो. फडकी सगळी सारखी, दाणाही वरनं बघणाऱ्याला सारखाच. मग कुठल्यात आंबेमोहर, कुठल्यात इंद्रायणी, कसं कळावं? गाठीवरनं. सासूबाईंनी मला पहिल्याच साली शिकवलं. आंबेमोहराला सुरगाठ, इंद्रायणीला निरगाठ, कोळमाला दुहेरी, आणि ज्याचा भरवसा नाही त्या बियाण्याच्या फडक्याचं टोक आत खोचायचं. चाळीस-बेचाळीस वर्षं हेच हात हेच करत आलेत. ताईंच्या बाटल्या पहिल्यांदा बांधल्या तेव्हा हातांनी त्यांच्या त्यांच्या चार तऱ्हेच्या गाठी मारल्या. मी मुद्दाम केलं नाही — पहिल्यांदा. हा "पहिल्यांदा" लक्षात ठेव.

पण नुसत्या गाठीनं काय होतं? ज्याला वास येतो त्याला गाठ कशाला बघायला लागते?

तेच तर. मला वास येत नाही.

झालं, लिहिलं. करोनाच्या सालात मला ताप आला. चार दिवसांत उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला, आणि नाकामागनं जीभही. बाकीच्यांचं महिन्या-दोन महिन्यांत परत आलं. माझं आलंच नाही. कापूर नाकाशी धरला तरी काही नाही. मिरची तेवढी झोंबते. आंबट-खारट पार पुसट, शेजारच्या घरात कुणी बोलावं आणि इकडं नुसती गुणगुण यावी तसं. आणि त्याच दिवाळीला ताई विचारायला आल्या, "आक्का, तुमच्या हाताला चव आहे म्हणतात. याल का माझ्याकडे?" मी म्हणाले, येते. तेव्हाच सांगायला नको होतं का? दोन शब्दांचं तर काम. नाही सांगितलं.

मग सैपाक कसा करायची? हातानं. मोहरीचं तडतडणं कानांनी ऐकायचं, लसणाचा रंग डोळ्यांनी बघायचा, मीठ बोटांच्या मापानं. पण मिठाचा भरवसा नसतो गं. एका दिवशी बोटं ओली, एका दिवशी कोरडी. तर त्यासाठी — त्यासाठी हौसा होती.

हौसा वरच्या धनगरवाड्यावरची. पठारावर त्यांची चार-पाच घरं, म्हशी, शेळ्या. माझ्याहून वीस-एक वर्षांनी धाकटी, बोलायला थोडी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. रोज सकाळी दूध घेऊन उतरायची. दूध ओतून झालं की मी तिला बसवायची, भाकरीचा तुकडा आणि वाटीत आमटी द्यायची. "बघ गं हौसा, कशी झालीय." ती चाखून म्हणायची, "वाईच मीठ पायजे, आक्का." नाहीतर, "आज झ्याक." ताईंना वाटायचं, आक्कांचं मन मोठं, दारी आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत. मी तसं वाटू दिलं. दोन वर्षं ताईंच्या घरातलं मीठ हौसानं बघितलं. तिच्या ध्यानात आलं असेल का? तेव्हा वाटायचं, छे, भोळी आहे.

तर तो पहिला रविवार. ताईंनी माझ्या नाकाखाली ग्लास धरला. "कशासारखा वास येतो? काहीही सांगा आक्का, चुकीचं काही नसतं." मला काय येणार? मी खाली बघितलं, तर ज्या बाटलीतनं ओतलं तिच्या गळ्याशी निरगाठ. निरगाठ मी नाशिकच्या बाटलीला मारली होती, चिठ्ठी वाचून. आणि आदल्याच आठवड्यात जेवताना ताई नाशिकच्या वाइनबद्दल करवंदाचं काहीतरी म्हणाल्या होत्या. मी म्हणाले, "पिकल्या करवंदावाणी. नाशिकची असंल ही." फडकं सोडलं. नाशिकचीच.

ताईंनी टाळी वाजवली गं. साठी उलटलेली, चार बुकं शिकलेली बाई, माझ्यामुळं पोरीसारखी टाळी वाजवते! मला आजवर कुणी टाळी वाजवलेली नव्हती.

दुसऱ्या रविवारपासनं मी गाठी मुद्दाम मारल्या.

वासांचं म्हणशील तर ते मी आठवणीतनं काढून द्यायची. हिरडा वाळत घातल्यावर अंगणात सुटतो तो, जांभळाच्या सालीचा, जुन्या गुळाच्या ढेपेचा, पहिल्या वाफेच्या भाताचा. ते वास खोटे नव्हते. फक्त त्या ग्लासात नव्हते. आणि लोकांना ते आवडायला लागले, पत्रं यायला लागली, आक्का काय म्हणतात, आक्का काय म्हणतात.

जसजसं कौतुक वाढलं तसतशी मी सगळ्यांकडं तिरकी बघायला लागले. ताई फडकं सोडताना गाठीकडं बघत तर नाहीत? एकदा म्हणाल्या, "किती सुबक गाठी मारता हो तुम्ही." कशाला म्हणाल्या? त्या दिवसापासनं मी गाठी बारीक मारायला लागले, मागच्या अंगाला. एकदा सुनेनं सहज विचारलं, "आत्या, आज मीठ जास्त पडलंय का हो?" तर मला वाटलं, हिला कुणी शिकवून पाठवलं. आणि एका रविवारी सकाळी हौसा दूध ओतता ओतता फळीवरच्या बांधलेल्या बाटल्यांकडं बघून म्हणाली, "आक्का, ही तर बियाण्याची बांधणी हाय जणू."

झालं. त्या दिवसापासनं हौसा मला भोळी दिसेना. दाव्याच्या, मोटेच्या, घोंगडीच्या शंभर गाठी तिच्या हातांखालनं गेलेल्या. तिला न कळायला काय झालं? ती आमटी चाखताना माझ्याकडं बघायची, ते मला चाखल्यासारखं वाटायचं. मीठ तर तिच्याशिवाय चालेना, आणि ती तर डोळ्यांपुढं नको. अशी माझी गत.

मग तो दिवस आला. ताईंच्या तीन मैत्रिणी पुण्याहून आल्या, खास माझी जीभ बघायला. चार बाटल्या होत्या. त्यांतली एक चिली म्हणून देश आहे तिथली, ताईंनी मुद्दाम त्या दिवसासाठी जपून ठेवलेली. हिला मी आंबेमोहराची सुरगाठ मारली, मानाची म्हणून. तिसऱ्या खेपेला ती माझ्यापुढं आली. मी डोळे मिटले — डोळे मिटले की लोकांना बरं वाटतं — आणि म्हणाले, "ही लांबची. समुद्रापल्याडची. जुन्या गुळाचा वास हाय, आन् भाजल्या सुपारीचा. चारींत ही पयली." त्यांतल्या एकीनं ग्लास नाकाशी नेऊन आधीच जरा मागं घेतला होता, ते मी चोरून बघितलं होतं. माझं ऐकल्यावर तिनं तो परत नाकाशी नेला आणि मान डोलावली. "खरंच हो, गूळ!"

तेवढ्यात मागच्या दारानं हौसा आली, पाहुण्यांसाठी वाढीव दूध घेऊन. एक मैत्रीण म्हणाली, "हिलाही द्या ना, बघू या काय म्हणते." हौसा पदर तोंडाशी धरून "मला कशाला, ताई" करत होती. ताईंनीच आग्रह केला, "नुसता वास घे गं, पिऊ नकोस." तिनं पहिले दोन ग्लास हुंगले, काही बोलली नाही. ही बाई दूध हुंगून म्हैस कुठल्या अंगाला चरून आली ते सांगते, एवढं लक्षात घे. तिसरा नाकाशी नेला आणि मान मागं घेतली.

"ह्यो बिघडलाय," म्हणाली. "पावसात भिजून दडपलेल्या घोंगडीवाणी वास मारतुय. ह्यो नका घिऊ, ताई."

एकेक करून सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी ग्लासाकडं बघितलं. काय कळणार मला ग्लासाकडं बघून? आणि माझ्या तोंडातनं निघालं, "हौसे, घोंगडीचा वास तुझ्या अंगाला हाय, ग्लासाला न्हाई."

हसल्या गं सगळ्या. ताई तेवढ्या हसल्या नाहीत. हौसानं ग्लास जपून खाली ठेवला, पदराला हात पुसले, परत एकदा पुसले, आणि मागच्या पायऱ्या उतरून गेली. किटली न्यायचं विसरली.

तुला वाटेल, हेच ते. एवढ्यासाठी आक्का इतकी वाकडी वाट चालली. नाही बाई. जीभ घसरते माणसाची. पुढचं माझी जीभ घसरून झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी हौसा दूध घालून गेली. बसली नाही. नंतर ताई न्याहारी करताना म्हणाल्या, "आक्का, मला काल जरा हौसा म्हणाली तसंच वाटलं हो. दुपारी परत वास घेऊन बघते. पुढच्या रविवारी तिलाही बोलावू या का?" आणि काही कामाला वेल्ह्याला गेल्या.

घरात मी एकटी. उरलेल्या चार बाटल्या फळीवर. माझ्या डोक्यात नुसती भिरभिर — ती पुढच्या रविवारी येणार, हुंगणार, खरं सांगणार, मग गाठींचं निघणार, मग मिठाचं. मी काय केलं? तीन बाटल्यांतली चार-चार बोटं मोरीत ओतली. आणि ती चिलीची सगळीच ओतली, परत कुणी वास घ्यायलाच नको. मोरी पाण्यानं धुतली. लाल पाणी परसात गेलं, त्यावर राख टाकली. हे सगळं शांतपणे केलं, भांडी घासावीत तसं. ताई आल्यावर म्हणाले, "ताई, मी काय बोलत न्हाई, पण तुमी स्वतःच बघा. सकाळी हौसा आली तवा मी परसात हुते."

म्हणजे हौसा पिते. म्हणजे हौसा चोरते. दोन्ही मी एका वाक्यात बसवलं, आणि वर "मी काय बोलत न्हाई" म्हणाले.

ताईंनी एकेक बाटली उचलून बघितली. मग म्हणाल्या, "राहू दे, आक्का. कुणाजवळ बोलू नका." त्यांनी हौसाला एवढंच सांगितलं की उद्यापासून दूध फाटकाशी ठेव. हौसानं का म्हणून विचारलं नाही. आणि मी बोलले. गिरणीत, दळण ठेवता ठेवता, दोघीजणींजवळ, अगदी हळू आवाजात. हळू बोललेलं डोंगर लवकर चढतं. चार दिवसांत वाड्यावर पोचलं. तिच्या दिरानं ताईंच्या घरी दूध घालायचंच बंद केलं. लग्नाच्या मांडवात कुणी सरबत वाटायला लागली तर दुसरी म्हणाली, "हौसाला सरबत कशाला? तिला लाल लागतं." मी शेजारीच बसले होते. मी हसले, तुला खोटं कशाला सांगू.

मला वाटलेलं, आता डोक्याचा घोर गेला. कसला जातोय? आमटी बिघडायला लागली. ताई घास तोंडात घेऊन थांबायच्या, माझ्याकडं बघायच्या, मग गिळायच्या. मी मीठ ताटात वेगळं वाढायला लागले, डॉक्टर कमी खायला सांगतात म्हणाले. एकाला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. खोट्याचा वेल मांडवावर कसा भराभर चढतो.

आणि तरी एकदा मला दार उघडं मिळालं होतं. ते सांगितलं नाही तर हे सगळं लिहिणं फुकट.

सहा-सात महिन्यांनी ताईंनी तीच चिलीची बाटली पुन्हा आणली. वास अगदी निराळा. त्यांनी कुणा जाणत्याला विचारलं. तर कळलं, कधीकधी बूच खराब निघतं, मग बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा, भिजल्या लोकरीचा वास मारतो. ताई सैपाकघरात आल्या आणि पाटावर बसल्या. पाटावर त्या कधी बसत नाहीत.

"आक्का, हौसा बरोबर होती. मी मात्र आक्कांची पसंती म्हणून ती बाटली लोकांना सांगून बसले." मग, "तुम्हाला तो वास नव्हता आला?"

"सर्दी व्हती मला त्या दिशी."

"मग ते बाटल्यांचं? तुम्ही स्वतः बघितलंत तिला घेताना? नीट आठवून सांगा, आक्का. मी जाऊन तिची माफी मागेन, त्यात काही नाही."

आवाज किती मऊ होता सांगू. रागवायला बसलेलं माणूस असं विचारत नाही. त्यांनी माझ्यासाठी वाट मोकळी करून ठेवली होती, मी नुसतं "न्हाई बघितलं" म्हणायचं होतं. गाठींचं नको, मिठाचं नको, तेवढंच. मी पोळी उलटली. म्हणाले, "बघितलं. ह्या डोळ्यांनी."

हे ते. जे मी गिळत आले ते हे आहे. ओतलं तेव्हा भ्यालेली होते असं म्हणता येईल. पोळी उलटली तेव्हा कशाला भ्याले होते? पुढ्यात बसलेली बाई मला सांभाळून घ्यायला आली होती. आणि मी हौसाला दुसऱ्यांदा पुरलं, चांगलं ठोकून ठोकून.

ताई उठल्या. "बरं," म्हणाल्या. त्या "बरं"मध्ये काय होतं ते मी तीन वर्षं शोधते आहे.

मध्ये एकदा वेल्ह्याच्या बाजारात हौसा भेटली. म्हणजे तीच माझ्याकडं आली, मी तर मिरच्यांच्या ढिगाआड तोंड फिरवलं होतं. मला वाटलं, आता चारचौघांत ओरडते. ओरडू दे, मनात म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे. ती जवळ आली, माझ्या पिशवीकडं बघितलं, आणि हळूच म्हणाली, "आक्का, आता मीठ कोण बगतंय?"

एवढंच. टोमणा होता? काळजी होती? मी तिच्या तोंडाकडं बघितलं, मला कळलं नाही. मी "बघते माझं मी" असं काहीतरी पुटपुटले आणि एसटीकडं चालायला लागले, मिरची न घेताच.

म्हणजे तिला ठाऊक होतं. पहिल्यापासनं. दोन वर्षं ती वाटीतली आमटी चाखून मीठ सांगत होती ते मला वास-चव नाही हे समजूनच. मग ताईंना जाऊन एका शब्दानं सांगितलं असतं — तुमच्या आक्काचं नाकच गेलंय — तर तिचं नाव त्याच दिवशी धुवून निघालं असतं. का नाही सांगितलं? मी किती तऱ्हांनी विचार केला. वेळ साधून बसली असेल. माझ्याकडनं काही काढायचं असेल. ताईंनी विश्वास ठेवला नसता म्हणून असेल. बघ, तिच्या गप्प राहण्यावरसुद्धा संशय घ्यायची माझी मजल गेली. एक गोष्ट मात्र मी मनात येऊ दिली नाही, की तिनं माझं काम जाऊ नये म्हणून तोंड मिटलं असेल. ती येऊ दिली तर मला बसवलं नसतं.

आणि परवाच्या रविवारीसुद्धा मी चार बाटल्यांना चार गाठी मारल्या. सांगलीकडची होती एक. आक्का म्हणाल्या, चिंचेच्या कोळासारखी. तू वाचलं असशीलच.

तर ताई, ही वही आज तुम्हीच आधी वाचणार. जीभ कशी तयार झाली ते लिहा म्हणालात, ते हे. छापायचं तर छापा, नाहीतर नका छापू, पण हिच्यापर्यंत तेवढं पोचवा. तापाचं मी लिहिलंय म्हणून त्याच्यावर काही ढकलू नका. तापानं नाक नेलं. मोरीत बाटल्या मी ओतल्या.

हौसाला वाचता येत नाही. उद्या सकाळी वर चढून मी तिला हे वाचून दाखवणार आहे, तिच्या सासूसमोर, दिरासमोर. गिरणीतल्या त्या दोघींनाही सांगून जाणार. ती काय म्हणेल ते तिचं. कुत्री सोडली तरी मला बोलायला जागा नाही.

आणि तू ये गं. खरंच ये, लवकर ये. ताईंच्या घरी मी असेन का नसेन ते आता माझ्या हातात राहिलं नाही. पासलीला एसटीतनं उतरलीस की धनगरवाड्यावरच्या हौसाचं घर विचार. कुणीतरी म्हणेलच, हौसा म्हणजे ती पिणारी का? तिथंच उभी राहा आणि सांग, न्हाई, ते आक्कानं खोटं सांगितलं होतं. मोठ्यानं सांग, चार घरांना ऐकू जाईल असं. मग वर चढ. गवत वाढायच्या आत ये, नंतर वाट दिसत नाही.